गाडीच्या पोटाला काळं फासण्याआधी

पुण्याच्या मार्केट यार्डाच्या आसपास राहून स्पोर्ट्स कार बाळगणं ही लोकांच्या दृष्टीने चैनच असते, त्यामुळे तिच्यावर आणखी काही हजार खर्च करा म्हणणाऱ्याला सहसा कुणी अडवत नाही. ‘एवढी गाडी घेताय साहेब, आणि खालून उघडी ठेवणार?’ हे वाक्य शोरूममध्ये ज्या सुरात टाकलं जातं, तो सूर अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. मी तेव्हाही नको म्हणत होतो. आता गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहिल्यावर जास्त ठामपणे म्हणतो. पुण्यात वापरायच्या आजच्या स्पोर्ट्स कारला विक्रेत्याकडचं अंडरबॉडी कोटिंग, म्हणजे पोटाला फवारायचा काळा रबरी थर, मारून घेऊ नये. पैसे वाया जातात हे आहेच, पण ते एक वेळ सोडून देऊ. खरी तक्रार अशी, की घाईने मारलेलं कोटिंग गंजाला आडोसा देतं आणि वर तो दिसूही देत नाही.

मुळात गंज ठरतो कशाने? लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की तो सुरू होतो आणि त्यात मीठ मिसळलं की भराभर पसरतो. हे कोटिंग ज्या देशांत रुजलं तिथे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ पसरतात. डेट्रॉइट किंवा टोरांटोत चार-पाच महिने गाडी खारट चिखलातून चालते. पुण्यात रस्त्यावर खड्डे आहेत, पाणी आहे, पण मीठ नाही. समुद्र सह्याद्रीपलीकडे, पावसाळा चार महिन्यांचा आणि उरलेल्या वर्षात गाडीचं पोट वाळायला भरपूर कोरडी हवा. शिवाय गाडी कारखान्यातून उघड्या पोटाने येते, हा समजच चुकीचा आहे. जर्मनी असो की आपलं चाकण-रांजणगाव, पोलादी बॉडी आधी फॉस्फेटच्या हौदातून जाते, मग विजेच्या प्रवाहाने रंग बसवणाऱ्या हौदात अख्खी बुडते, म्हणजे जिथे ब्रश किंवा फवारा पोचणार नाही अशा पोकळ्यांतही थर बसतो. त्यावर सांध्यांना सीलर आणि व्हील आर्चच्या आत पीव्हीसीचा थर असतो. चांगल्या गाड्यांच्या पत्र्यालाच जस्त चढवलेलं असतं. पोर्शने १९७६च्या मॉडेलपासून ९११ची पोलादी बॉडी जस्त चढवलेल्या पत्र्याची केली आणि सहा वर्षांची हमी दिली. जस्ताचा गुण असा की ओरखडा पडला तरी शेजारचं जस्त आधी झिजतं आणि लोखंड वाचवतं. रबरी थरात हा गुण नाही. तो नुसता पडदा आहे, फाटला की संपला. आणि ऑडी आर-८ किंवा जॅग्वार एफ-टाइपसारख्या गाडीची बॉडी तर बहुतांशी अॅल्युमिनियमची. तिला ‘अँटी-रस्ट’ विकणाऱ्याला नेमका कसला गंज रोखायचा आहे, हे त्यालाच विचारावं.

हा पडदा फाटतोच, कारण स्पोर्ट्स कार बुटकी असते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर हवी. सव्वाशे मिलिमीटरच्या आसपास ग्राउंड क्लिअरन्स असलेली गाडी त्यावरून तिरकी, हळू नेली तर कशीबशी निघते. पण पुण्यात सोसायटीच्या दारात, मंडपाच्या खड्ड्यावर, गल्लीच्या तोंडाशी लोक स्वतःच्या अंदाजाने जे उंचवटे घालतात, त्यांना कसला नियम? गाडीचं पोट तिथे घासतं आणि कोटिंग सर्वांत खालच्या भागावरून, म्हणजे जिथे संरक्षण हवं म्हणून पैसे मोजले तिथूनच, आधी सुटतं. सुटलेल्या कडेतून पाणी आत शिरतं आणि ओल्या भिंतीवर मारलेल्या डिस्टेंपरला येतो तसा फुगवटा येतो. वरून सगळं काळं कुळकुळीत, बोटाने दाबलं की पचपचतं. उघड्या पत्र्यावरचा तांबूस डाग सर्व्हिसिंगच्या दिवशी कुणालाही दिसतो. या थराखालचा दिसत नाही. कोटिंगवरचा माझा मुख्य आक्षेप हाच आहे. त्यातून आजच्या बऱ्याच स्पोर्ट्स कारचं पोट हवा सरळ वाहावी म्हणून प्लास्टिकच्या अंडर कव्हरने झाकलेलं असतं. कोटिंग नीट करायचं तर ती सगळी कव्हरं काढायला हवीत. तेवढा वेळ कोण देतो?

कुणी देत नाही, आणि इथे माझा राग आवरत नाही. काम कागदावर असं लिहिलेलं असतं: गाडी खालून धुवायची, पूर्ण वाळवायची, ब्रेक डिस्क, सायलेन्सर, ड्राइव्ह शाफ्ट, सेन्सर आणि पाणी निचरणारी भोकं टेप लावून झाकायची, मग थर मारायचा. प्रत्यक्षात गाडी लिफ्टवर चढते, पाण्याचा एक हात फिरतो आणि ओल्यावरच फवारा सुरू होतो. साइड सिलच्या तळाला जी छोटी भोकं असतात, ती दरवाजाच्या खालच्या पोकळीत गेलेलं पाणी बाहेर पडावं म्हणून असतात. ती लिंपली गेली की पाणी आतच साठतं आणि पत्रा आतून गंजायला लागतो. सायलेन्सरवर उडालेला माल गरम होऊन बरेच दिवस करपट वास देतो. विचारलं तर ‘नवीन गाडीला येतोच’ असं बिनदिक्कत उत्तर मिळतं. विकण्याची रीतही ठरलेली आहे. कोटेशनमध्ये ‘एसेन्शियल किट’ नावाची एक ओळ आधीच भरलेली असते. काढा म्हटलं तर ‘सिस्टिममधून निघत नाही’ किंवा ‘गाडीला ऑलरेडी मारून झालंय’. सोबत होलोग्रामवालं वॉरंटी कार्ड, आणि त्याच्या मागे बारीक अक्षरांत अटी: दर सहा महिन्यांनी तपासणी चुकली तर हमी रद्द, दगड लागून किंवा घासून निघालेला थर हमीबाहेर. पुण्यातल्या गाडीच्या बाबतीत ही हमी द्यायची वेळ येणारच नाही, अशी सोय त्या दोन अटींनी केलेली असते.

यावर जे म्हटलं जातं ते सगळंच टाकाऊ नाही. पहिला मुद्दा मार्केट यार्डाचाच: भाजीचा पाला, ट्रकखालचा चिखल, पावसाळ्यात गुलटेकडीपासून गंगाधामपर्यंत सदा ओला रस्ता, इथे तरी कोटिंग हवं ना? मला उलटं दिसतं. चिखल व्हील आर्चच्या कोपऱ्यात धरून राहिला की तो ओल धरतो, आणि खरखरीत रबरी थरावर तो गुळगुळीत रंगापेक्षा जास्त धरून राहतो. उपाय पाण्याचा पाइप आहे. (आणि खरं सांगायचं तर भुसार बाजाराच्या शेजारच्या गाडीला गंजापेक्षा उंदरांचं भय जास्त, ते पैसे वायरिंग वाचवण्यात घाला.) दुसरा मुद्दा वडीलधाऱ्यांचा: ‘आम्ही फियाटला दरवर्षी डांबर मारायचो.’ मारायचे, आणि बरोबरच करायचे. कुर्ल्याच्या प्रीमियर पद्मिनीचा तळपत्रा खरोखर सडायचा, पाय ठेवायच्या जागेतून रस्ता दिसायचा. पण त्या पत्र्याला आजच्यासारखं संरक्षण नव्हतं; त्या गाडीचं औषध या गाडीला लागू नाही. तिसरा मुद्दा पुराचा. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याने अरण्येश्वर, सहकारनगर, बिबवेवाडीच्या बाजूला गाड्या एकमेकींवर रचल्या, तेव्हापासून हा मुद्दा हमखास निघतो. मात्र पुराचं पाणी दारांतून, वायरिंगच्या बुचांतून आत येतं, गालिच्याखाली बसतं आणि पत्रा आतून सडवतं. पोटाला काहीही फासलेलं असलं तरी. उलट वापरलेली गाडी घ्यायला गेलात आणि खाली ताजा काळा थर दिसला, तर आधी हाच प्रश्न विचारा: ही बुडाली होती, की ठोकली होती? म्हणजे गाडी विकताना कोटिंगने किंमत वाढते, हा विक्रेत्याचा चौथा मुद्दाही बाद. रस्त्याचा आवाज कमी होतो हे थोडंफार खरं आहे, पण आवाजच नको असेल तर स्पोर्ट्स कार कशाला घ्यायची!

अपवाद आहेत आणि ते मान्य करायला हवेत. अलिबाग, मुरूड, दापोलीला घर असेल आणि गाडी तिथे आठवडेच्या आठवडे खाऱ्या हवेत उभी राहत असेल, तर संरक्षण हवं. मात्र रबराचं नको, मेणाचं. पातळ कॅव्हिटी वॅक्स साइड सिलमध्ये, दरवाजाच्या तळाशी, सांध्यांत शिरतं, पातळ राहतं, खालचा पत्रा झाकून टाकत नाही आणि काही काळाने पुन्हा मारता येतं. वाळूत गाडी घालू नका, हे मी सांगायची गरज नसावी, पण काशीदच्या किनाऱ्यावर रुतलेल्या गाड्या पाहता सांगतोच. घातलीच, तर घाट चढण्याआधी गोड्या पाण्याने खालून सावकाश धुवा. दुसरा अपवाद अपघाताचा. वेल्डिंग झालं की त्या जागेचं जस्त जळतं. तिथे गॅरेजवाल्याकडून झिंक प्रायमर, सीम सीलर आणि पीव्हीसी या तिन्ही गोष्टी इस्टिमेटमध्ये लिहून घ्या आणि काम चालू असताना फोटो मागा. नंतर रंगाखाली काय आहे ते कळत नाही.

शोरूममध्ये बसाल तेव्हा कोटेशनमधली ती ओळ पेनाने खोडा, सही करा आणि तसं ई-मेलनेही कळवा. तोंडी बोलण्याला उद्या कुणी ओळख देत नाही. कंपनीच्या वॉरंटी पुस्तिकेत गंजाचं पान असतं. ते विक्रेत्यासमोर उघडून, बाहेरचं कोटिंग मारल्यावर ही हमी तशीच राहील का, हे लेखी मागा. बहुतेकदा इथेच चर्चा संपते. तरी बिलात धरलंच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. ज्यांच्या गाडीला आधीच मारून झालंय त्यांनी वायर ब्रशने खरवडायला घेऊ नये, हीट गन तर इंधनाच्या नळीजवळ मुळीच नको. पावसाळा संपला की गाडी लिफ्टवर घ्या, निचऱ्याची भोकं प्लास्टिकच्या टायने मोकळी करा, थराच्या कडा दाबून पाहा आणि जिथे सुटल्यात तेवढा भाग कापून, वाळवून, प्रायमर आणि मेण लावा. आणि वॉशिंग सेंटरवाला ‘खालून डिझेल मारू का, चमकेल’ म्हणाला तर स्पष्ट नाही म्हणा. डिझेलने सस्पेन्शनचे रबरी बुश फुगतात, आणि स्पोर्ट्स कारच्या बुशचं बिल कोटिंगच्या बिलापेक्षा मोठं असतं.