मनावरचा आघात आणि रक्तातला वारसा

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. जीवशास्त्राशी माझा संबंध दहावीलाच संपला. तरी या विषयाकडे वळलो, कारण अपघात, हिंसा किंवा युद्ध सोसलेल्या माणसाला आपण जो उपदेश करतो तो मला खटकतो. मराठीत म्हणतो, 'मन घट्ट कर'. कन्नडात म्हणतो, 'धैर्य तगो'. दोन्ही भाषांत दोष त्या माणसाच्याच माथी! शास्त्र काय सांगते, ते पाहू.

आघातानंतर महिनोन् महिने तीच दृश्ये डोळ्यांपुढे येणे, झोप उडणे, जरा आवाज होताच दचकणे, ही आघातोत्तर तणाव विकाराची लक्षणे होत. व्हिएतनाम युद्धाहून परतलेल्या सैनिकांच्या हालांकडे लक्ष गेल्यावर, १९८० साली अमेरिकन मानसोपचार संघटनेने आपल्या विकारसूचीत त्याला या नावाने स्थान दिले. मात्र आघात सोसलेल्या बहुतेकांना हा विकार होत नाही. मग एकालाच का व्हावा?

संकट दिसताच मेंदूतील अधश्चेतक हा भाग पीयूषिका ग्रंथीला इशारा देतो, ती मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींना, आणि त्यांतून कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात येते. हेच कॉर्टिसॉल पुढे मेंदूला 'आता पुरे' असा उलट निरोप देते. या विकारात निरोपांची ही साखळी बिघडलेली दिसते. नवल असे की, कित्येक रुग्णांत कॉर्टिसॉल वाढलेले नसून उलट कमी आढळले.

यात अनुवंशाचा वाटा किती, हे जुळ्यांवरून कळते. एकबीज जुळ्यांची जनुके जवळजवळ सारखी, तर द्विबीज जुळ्यांची सरासरी निम्मी समान असतात. व्हिएतनाम युद्धकाळात सैन्यात असलेल्या सुमारे चार हजार जुळ्या जोड्यांचा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. प्रत्यक्ष लढाईचा अनुभव हिशेबात धरूनही, लक्षणांतील फरकांपैकी सुमारे एक-तृतीयांशापर्यंतचा भाग अनुवंशाचा ठरला. याचा अर्थ एखाद्याचा एक-तृतीयांश आजार आईबापांकडून आला, असा नव्हे. हा आकडा समूहातील फरकांचा आहे, व्यक्तीचा नव्हे.

कॉर्टिसॉलच्या उलट निरोपाशी संबंधित एफकेबीपी५ नावाचे जनुक आहे. २००८ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात त्याच्या काही प्रकारांचा प्रभाव दिसला, पण तो बालपणी छळ सोसलेल्यांत. केवळ जनुकामुळे नव्हे. अर्थात एका जनुकावर सारे ठरत नाही. २०२४ साली बारा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवरून जनुकसंचातील ९५ ठिकाणे या विकाराशी निगडित आढळली. प्रत्येकाचा परिणाम अगदी लहान. शिवाय त्यांतील बहुसंख्य लोक युरोपीय वंशाचे होते. तेव्हा ते निष्कर्ष आपल्याला जसेच्या तसे लावणे घाईचे होईल.

आमच्या जमाखर्चाच्या भाषेत सांगायचे, तर अनुवंश ही केवळ आरंभीची शिल्लक आहे. ती कुणीही स्वतः निवडलेली नसते. पुढच्या नोंदी आयुष्य करते. त्यांत आघात असतो, तसा आप्तमित्रांचा आधार आणि वेळेवर मिळालेला उपचारही असतो. शिल्लक कमी म्हणून कुणाला नादार ठरवू नये, आणि वहीत एकच खर्च दिसला म्हणून खाते बंद करू नये. वर्गातला एखादा मित्र गप्प झाला, तर उपदेशाऐवजी त्याच्याजवळ बसावे आणि गरज पडल्यास त्याला डॉक्टरांकडे न्यावे. जमेच्या बाजूला एवढी नोंद तर आपल्यापैकी कुणालाही करता येईल.