पळसाखालचा वर्ग

मागच्या फाल्गुनात वसतिगृहातील चौदा मुलांना घेऊन मी मिहानच्या कडेला गेलो. एकीकडे कंपन्यांच्या इमारती, डोक्यावरून विमाने आणि मधल्या पडीक जमिनीवर फुललेला पळस. 2019 साली मिहानमध्ये वाघ फिरून गेला, हे ऐकताच मुले एकमेकांना बिलगली.

वर्गात मान खाली घालून बसणारा एक गोंड मुलगा तिथे बोलू लागला. एका देठाला तीन पाने, त्यांची पत्रावळ, फुलांचा रंग, खोडाचा डिंक, सारे त्याने सांगितले. झाडाचे गोंडी नाव विचारले तेव्हा मात्र थबकला. ते शाळेतही चालते, हे त्याला ठाऊक नव्हते. मराठी नावाशेजारी ते सर्वांनी वहीत लिहिले.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला वारली मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळाच कुरणात गेली. तोच धडा आपल्याला गिरवायचा आहे.

केंद्रावर असे करावे : पंधरवड्यातून एकदा त्याच झाडाकडे जावे. आधी मुलांनी पाहावे, मग सांगावे, शेवटी चित्र काढून मातृभाषेतील नाव लिहावे. फुले तोडू नयेत, पडलेलीच वेचावीत. शिक्षकाने कमी बोलावे.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाने विचारले, “गुरुजी, पाने गळल्यावरच पळस का फुलतो?” उत्तरासाठी आम्ही पुन्हा झाडाखाली गेलो. उघड्या फांद्यांवरची लाल फुले दुरूनच हेरून मैना येत होत्या. उत्तर त्यानेच दिले.