डब्याच्या शोधात राजमाचीस

अक्षांश व रेखांश यांचा धडा आपण सर्वांनीच घोकला आहे. लोणावळे कोठे आहे असे विचारताच उत्तर अक्षांश सुमारे १८ अंश ४५ कला, पूर्व रेखांश सुमारे ७३ अंश २४ कला, असे म्हणून दाखवावे आणि पुस्तक मिटावे, इतकाच त्या आकड्यांशी आपला संबंध. परंतु त्यांच्याच आधारे रानात ठेविलेला एक लहानसा डबा हुडकून काढता येतो, हे आम्हांस गेल्या भाद्रपदात प्रत्यक्ष कळले. आकड्यांस काय ठाऊक नसते, हेही त्याच दिवशी कळले.

या खेळास जिओकॅशिंग म्हणतात. अमेरिकेच्या उपग्रहांच्या संकेतांत सामान्य लोकांसाठी मुद्दाम ठेविलेली चूक मे २००० च्या आरंभी काढून टाकण्यात आली. तोपर्यंत यंत्राने दाखविलेली जागा शंभर मीटरपर्यंत चुकत असे. ती चूक आता थोड्या पावलांवर आली. लगेच ३ मे २००० रोजी डेव्ह उल्मर नामक गृहस्थाने ऑरेगन राज्यातील रानात एक बादली ठेविली, तीत वही, पेन्सिल व काही किरकोळ वस्तू घातल्या आणि जागेचे आकडे जाहीर केले. ज्यास ती सापडेल त्याने वहीत नोंद करावी; एखादी वस्तू घेतल्यास तिच्या जागी दुसरी ठेवावी, एवढाच नियम.

हे साधते कसे? हे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात व आपली वेळ आणि आपले स्थान सतत कळवितात. संकेत पोहोचण्यास किती वेळ लागला यावरून यंत्र उपग्रहाचे अंतर काढते. तीन अंतरांवरून जागा ठरते. यंत्राच्या घड्याळातील चूक काढण्यास चौथा उपग्रह लागतो. सेकंदाच्या दशलक्षांशाइतकी चूक झाली तरी अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो! अंशाचा साठावा भाग ती कला. अक्षांशाची एक कला म्हणजे जमिनीवर सुमारे १,८५० मीटर. तिचा हजारावा भाग दोन मीटरांहूनही कमी. रेखांशाची कला मात्र विषुववृत्तापासून दूर जावे तसतशी आखूड होते. मावळात ती सुमारे १,७५० मीटर भरते.

आमच्या आधीच्या वर्गाने उन्हाळ्याच्या सुटीत राजमाचीखालील उधेवाडीजवळ, रानातील एका खोपटाशी, धन्याची परवानगी घेऊन पत्र्याचा डबा ठेविला होता. तो शोधण्यासाठी आम्ही पहाटे लोणावळ्याहून तुंगार्लीच्या वाटेने निघालो. यंत्र सांगे, अंतर सुमारे ९ किलोमीटर. आम्हांस ते फारच थोडे वाटले. परंतु ते अंतर पाखराचे. माणसाची वाट सुमारे १५ किलोमीटरांची आहे, कारण मध्ये उल्हास नदीचे खोरे पसरले आहे आणि वाट त्यास वळसा घालून जाते.

दुपारपर्यंत धुके इतके दाटले की श्रीवर्धन व मनरंजन हे राजमाचीचे दोन्ही बालेकिल्ले दिसेनासे झाले. यंत्रात ४०० मीटर उरले होते. बाण डावीकडे दाखवी, वाट उजवीकडे जाई. आम्ही वाट सोडली आणि बाणामागे उंच गवतात शिरलो. आमच्यापैकी एकाने शंका काढली, तिला आम्ही हसलो. इतक्यात पाठीमागून हाक आली, "थांबा पोरांनो! म्होरं कडा हाय!"

गुरे राखणारे एक आजोबा होते ते. वारा आला, धुके क्षणभर फाटले, आणि वीसेक पावलांवर गवत संपून नुसती पोकळी दिसली. कोणी काही बोलले नाही.

आजोबांनी आम्हांस अर्ध्या तासाच्या वळशाने खोपटापाशी नेले. डबा दगडांच्या उतरंडीआड तसाच होता. आकडे खोटे ठरले नव्हते. डबा त्यांनी सांगितला तेथेच होता. मात्र जागा सांगणे निराळे आणि वाट सांगणे निराळे. आम्हांस उपग्रहांची भाषा येत होती, आजोबांस त्या गवताची. त्या दिवशी दुसरीच अधिक उपयोगी पडली.

विद्यार्थिमित्रहो, हा खेळ अवश्य खेळा. आरंभी आपल्याच अंगणाचे आकडे काढून पाहा. परंतु जाण्यापूर्वी कोठे जातो व केव्हा परतणार हे घरी सांगा. पावसाळ्यात कड्याच्या बाजूस जाऊ नका. डब्यासाठी जमीन खणू नका, किल्ल्याचा दगड हलवू नका, डब्यात खाऊ ठेवू नका. वासाने जनावरे तो फोडतात. आणि ज्याने शंका काढली त्यास हसू नका.

आम्ही डब्यातून एक गोटी घेतली व एक नवी पेन्सिल ठेविली. वहीत नावांखाली पुढील वर्गासाठी एक ओळ लिहिली: 'शेवटचे ४०० मीटर बाण पाहू नका, उधेवाडीत विचारा.'