शेअर घेण्याआधी

बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो, चालवून बघतो. शेअर घेतानाही तसंच करू.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्या आहेत. अशा कंपन्यांचा कायदा २००२ साली झाला. शेअर म्हणजे कंपनीतला आपला वाटा. कंपनी बुडाली, तर त्यात घातलेले पैसेही बुडतात. हा शेअर बाजारात विकता येत नाही.

म्हणून आधी तीन वर्षांचे हिशेब मागू. ते तपासनिसाने तपासलेले हवेत. कंपनीवर कर्ज किती? लोकांकडे येणे किती अडकले? १०५ रुपये खर्चून कापूस १०० रुपयांना विकला, तर ५ रुपये तोटाच. मग विक्री कितीही मोठी असो.

समजलं नाही, तर संचालकांना विचारू. लाजायचं कशाला? पैसा आपल्या घामाचा आहे. उत्तर पटलं, तरच सही करू.