संगणकाचे औषध कसे निवडावे?

संगणकाचा विषाणू म्हणजे जंतू नव्हे. तो माणसानेच मुद्दाम लिहिलेला वाईट प्रोग्रॅम असतो. उदगीरला प्रिंट काढायला नेलेल्या पेनड्राइव्हमधूनसुद्धा तो घरी येऊ शकतो. मग पीकविम्याचे कागद, फोटो, सगळं जाऊ शकतं.

त्याला अडवणाऱ्या प्रोग्रॅमला अँटीव्हायरस म्हणतात. पुण्यात कैलास काटकर संगणक दुरुस्त करीत. त्यांचे भाऊ संजय यांनी अँटीव्हायरस लिहिला. त्यांची कंपनी १९९५ साली स्थापन झाली. त्यांचाच तो ‘क्विक हील’.

निवडताना हे पाहावे :
१. विंडोज १० व ११ मध्ये ‘डिफेंडर’ आधीच असतो, तोही फुकट. तो चालू आहे का बघा. मगच पैशांचा विचार करा.
२. दोन अँटीव्हायरस एकदम ठेवू नयेत. ते एकमेकांना अडवतात. संगणक मंद होतो.
३. विकत घेताना मुदत किती, ते विचारा. नवे विषाणू सारखे निघतात. मुदत संपली की अपडेट थांबतात.
४. चोरीची प्रत घेऊ नये. तिच्यातच विषाणू असू शकतो.

महत्त्वाच्या फायलींची एक प्रत वेगळी ठेवा. घरात औषध आहे म्हणून कोणी हात धुवायचे सोडत नाही, बरं का!

— इयत्ता चौथी