अर्जात न लिहिलेला परिचय

काही काळापूर्वी इंदूरच्या एका रुग्णालयात बालरोग विभागासाठी कनिष्ठ तज्ज्ञाची एक जागा भरावयाची होती. निवड समितीत मीही होतो. मुलाखतीच्या आदल्या दिवशी व्यवस्थापनातील एका तरुणाने उमेदवारांची नावे इंटरनेटवर शोधून जे सापडले ते आमच्यापुढे ठेवले. मला हा प्रकार तेव्हा अप्रशस्त वाटला, आजही थोडा वाटतो. पण असे होत असते आणि उमेदवाराला त्याचा पत्ताही नसतो.

एका डॉक्टर मुलीच्या पानावर गोव्याच्या समुद्रकिनाऱ्यावरील सहलीची छायाचित्रे होती. समितीतील एका ज्येष्ठांच्या भुवया वर गेल्या. त्यांना मी अमेरिकेतील एका प्रकरणाची आठवण करून दिली. 'जर्नल ऑफ व्हॅस्क्युलर सर्जरी'मधील एका लेखात तरुण शल्यविशारदांची समाजमाध्यमांवरील खाती तपासून, पोहण्याच्या वेषातील छायाचित्रेदेखील व्यवसायास न शोभणाऱ्या गोष्टींत जमा केली होती. 'मेडबिकिनी' या नावाने डॉक्टर स्त्रियांनी मुद्दाम आपली तशीच छायाचित्रे प्रसिद्ध केली आणि जुलै 2020 मध्ये तो लेख मागे घेण्यात आला. डॉक्टरने सुटीत काय ल्यावे, हा समितीचा विषय नव्हे.

दुसऱ्या उमेदवाराचे पान मात्र अत्यंत नीटनेटके होते. त्यातच पाच-सहा वर्षांच्या एका मुलाचे छायाचित्र होते: अंगावर पुरळ, डोळे तापाने मलूल, आणि खाली 'निदान ओळखा' असे आवाहन. चेहरा पूर्ण उघडा. उशाशी केसपेपर, त्यावरील नाव सहज वाचता येत होते. गुणवत्तेत हाच उमेदवार सर्वांत पुढे होता आणि त्याचा हेतू शिकविण्याचाच होता, याविषयी मला शंका नाही. तरी माझे मत त्याच्या विरुद्ध पडले.

भारतीय आयुर्विज्ञान परिषदेच्या 2002 च्या आचारनियमांत हे स्पष्ट आहे: रुग्णाची ओळख पटेल अशा रीतीने त्याचे छायाचित्र वा वृत्तान्त त्याच्या अनुमतीवाचून प्रसिद्ध करू नये. समाजमाध्यमांविषयी स्वतंत्र सूचना असलेली नवी नियमावली ऑगस्ट 2023 मध्ये आली खरी, पण त्याच महिन्यात ती स्थगित होऊन 2002 चेच नियम पुन्हा लागू झाले.

त्या तरुणाला केवळ नकाराचे पत्र गेले, कारण कळविले गेले नाही. मला राहवेना, म्हणून मी दूरध्वनी केला. तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, त्याच्या आईला विचारूनच फोटो काढला होता." काढण्याची अनुमती होती. ते छायाचित्र साऱ्या जगाला दिसेल, हे त्या माउलीला कुणी सांगितले होते? त्याने ते त्याच रात्री काढून टाकले. पुढे त्याला दुसरीकडे चांगली नोकरी लागली.

आपल्या मंडळातील अनेकांची मुले सध्या अर्ज करीत असतील. त्यांना माझे सांगणे एवढेच, की आधी स्वतःचे नाव शोधून पाहावे. खात्यातून बाहेर पडून, शक्यतो दुसऱ्याच्या संगणकावर, कारण आपले पान आपल्याला दिसते तसेच परक्याला दिसत नाही. नाव अवतरणचिन्हांत घालून, देवनागरीत व इंग्रजीत, माहेरच्या व सासरच्या आडनावानेही पाहावे. छायाचित्रांचा शोध वेगळा घ्यावा. वैद्यकीय नोंदणीतील नाव आणि पानावरील नाव एकच असावे. सहलींची चिंता करू नये; रुग्णांची करावी. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत टाकलेले एक्स-रेदेखील तपासावेत, त्यांच्या कोपऱ्यात बहुधा नाव छापलेले असते.

हे सांगण्यापूर्वी मी स्वतःचेही नाव शोधले. 2009 च्या एका शिबिराचे छायाचित्र निघाले: माझ्या मांडीवर दुभंगलेल्या ओठाची चार वर्षांची मुलगी, खाली तिचे नाव आणि गाव. ती आता विशीत आहे. कदाचित तीही कुठे नोकरीसाठी अर्ज करीत असेल. आयोजकांना विनंती केल्यावर त्यांनी ते लगेच काढले. तपशिलासह ते त्यांना मीच दिले होते.