परराज्यात बिऱ्हाड आणि मुलाची शाळा
(इयत्ता चौथी व पाचवीच्या परिसर अभ्यासासाठी, तसेच केंद्रसभेतील चर्चेसाठी)

विषयप्रवेश

राज्य बदलणे दोन प्रकारांनी घडते. कधी माणूस सीमा ओलांडून जातो, तर कधी माणूस आपल्या उंबरठ्यावरच असतो आणि सीमा सरकते. बुलढाणा जिल्ह्याने हे दोन्ही प्रकार पाहिले आहेत. तेव्हा परराज्यात संसार मांडणाऱ्या तरुण कुटुंबाचा विचार या जिल्ह्याच्या शिक्षकाला परका वाटण्याचे कारण नाही. तथापि असे कुटुंब गाव सोडते तेव्हा त्याच्या सामानात मुलाची पाटी असतेच असे नाही. भांडी, अंथरूण, धान्याचे पोते आठवणीने बांधले जाते, शाळेचा दाखला मात्र मागे राहतो. यास्तव हा विषय वर्गात कसा शिकवावा आणि त्या अनुषंगाने शिक्षकाचे कर्तव्य कोणते, या दोन्ही गोष्टींचा येथे एकत्र विचार केला आहे.

सीमा कशा सरकल्या

बुलढाणा हा वऱ्हाडचा जिल्हा. १९०३ साली वऱ्हाड मध्यप्रांतास जोडले गेले. स्वातंत्र्यानंतर या प्रांतास मध्यप्रदेश हे नाव मिळाले. त्याची राजधानी नागपूर होती आणि हिंदी व मराठी या दोन्ही भाषांत कारभार चाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली व विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले. पुढे १ मे १९६० रोजी त्या राज्याचे महाराष्ट्र व गुजरात असे दोन भाग झाले. १ मे १९६२ रोजी राज्यात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या.

या तारखा नुसत्या पाठ करून घेण्यात फारसे स्वारस्य नाही. त्यांचा अर्थ मुलांना रस्त्यांवरून समजावून द्यावा. नकाशा भिंतीवर लावून पुढील चार प्रवास काठीने दाखवावेत.

पहिला प्रवास देऊळगाव राजाहून जालन्याचा. १९५६ पूर्वी जालना हैदराबाद राज्यात होते, म्हणजे जवळच्या त्या बाजारगावी जाणारा मनुष्य परराज्यात जात असे. आज ही दोन्ही गावे एकाच राज्यात आहेत.

दुसरा प्रवास मलकापूरहून भुसावळचा. भुसावळ तेव्हा मुंबई राज्यात आणि मलकापूर मध्यप्रदेशात होते. आगगाडी वाटेत राज्याची सीमा ओलांडीत असे. आज तेथे केवळ जिल्ह्याची सीमा आहे.

तिसरा प्रवास मलकापूरहून बऱ्हाणपूरचा. १९५५ साली ही दोन्ही गावे मध्यप्रदेशातच होती. १९५६ च्या पुनर्रचनेनंतर बऱ्हाणपूर मध्यप्रदेशात राहिले आणि मलकापूर मुंबई राज्यात आले. जळगाव जामोद व संग्रामपूर या तालुक्यांच्या उत्तरेस सातपुड्यात आज जी राज्यसीमा आहे, ती तेव्हापासूनची.

चौथा प्रवास मलकापूरहून सुरतेचा. १९५५ साली सुरत परराज्यात होते. १९५८ साली तेथे जाणारे कुटुंब एकाच राज्यात प्रवास करीत होते. १९६१ साली तीच गाडी व तोच मार्ग असूनही ते कुटुंब पुन्हा परराज्यात जाऊ लागले.

या चार उदाहरणांवरून मुलांच्या ध्यानी येईल की, राज्याची सीमा ही कारभाराच्या सोयीसाठी आखलेली रेषा आहे. ती महत्त्वाची आहे, कारण तिच्या पलीकडे पाठ्यपुस्तक बदलते, कचेरीची भाषा बदलते, शाळा सुरू होण्याचा महिना बदलतो. परंतु तिच्या पलीकडे नागरिकत्व बदलत नाही. भारतीय संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकास देशभर संचार करण्याचा व कोठेही स्थायिक होण्याचा हक्क दिला आहे.

सुरतेतील बिऱ्हाड

आता एका कुटुंबाचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. नवरा-बायको पंचविशी-तिशीतली, मुलगा दुसरीत, मुलगी अजून कडेवर. जमीन कोरडवाहू. कापूस वेचून झाला, सोयाबीनचे पैसे देण्याघेण्यात गेले. गावचा एक मनुष्य आधीच सुरतेस यंत्रमागावर आहे. त्याच्या भरवशावर हे कुटुंब निघते. सुरतेत यंत्रमाग, कापडाची रंगाई-छपाई आणि हिऱ्यांना पैलू पाडण्याचे कारखाने यांत हजारो परप्रांतीय कामगार आहेत. उधना, लिंबायत या भागांत मराठी बोलणारी वस्ती मोठी असून तीत खानदेशी लोकांचा भरणा अधिक आहे.

पहिले काही दिवस खोली शोधण्यात जातात. घरमालकास अनामत द्यावी लागते. पुरुषाची पाळी पुष्कळदा बारा तासांची असते, त्यामुळे बाहेरच्या जगाशी गाठ पडते ती बाईची. नळावर पाणी भरताना, भाजी घेताना, दवाखान्यात मुलीला नेताना नवी भाषा प्रथम तिच्या कानी पडते आणि तीच ती प्रथम शिकते. रेशनचा प्रश्न पूर्वी मोठा होता, कारण शिधापत्रिका गावाकडच्या दुकानाशी बांधलेली असे. २०१९ साली ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेस चार राज्यांत आरंभ झाला. महाराष्ट्र व गुजरात त्या चारांत होते. २०२२ पर्यंत ती सर्व राज्यांत पोहोचली. अन्नसुरक्षा कायद्याखालील शिधापत्रिका आधार क्रमांकाशी जोडलेली असेल, तर परराज्यातील दुकानातूनही धान्य उचलता येते. ही माहिती पुष्कळ पालकांस नसते. पालकसभेत ती सांगितल्यास शिक्षकाचे चार शब्द एका घराच्या चुलीपर्यंत पोहोचतील.

खोली मिळाली, काम मिळाले, धान्यही मिळाले. राहिला तो दुसरीतला मुलगा. तो दिवसभर धाकट्या बहिणीला सांभाळतो. घरात कोणी मुद्दाम त्याची शाळा बंद केलेली नसते. उद्या पाहू, पुढच्या महिन्यात पाहू, असे म्हणता म्हणता वर्ष निघून जाते.

हजेरीपटावरील नाव

या घटनेचा दुसरा भाग गावच्या शाळेत घडतो. निघताना बाप शाळेत येतो आणि म्हणतो, “गुरुजी, पोराचं नाव राहू द्या. दिवाळीपर्यंत येतोच माघारी.” गुरुजींनाही ते बरे वाटते. पट कमी होत नाही, बापाचेही मन मोडत नाही. परंतु त्या दिवसापासून मुलाचे नाव एका राज्यात आणि मूल दुसऱ्या राज्यात अशी स्थिती होते. गावच्या शाळेच्या दृष्टीने तो शिकत आहे, सुरतेच्या शाळेच्या दृष्टीने तो तेथे नाहीच. दोन्हीकडील कागद निर्दोष असतात, आणि मूल मात्र वाचन विसरत असते. या वयात तुटलेला अक्षरांचा धागा पुढे जोडणे फार कठीण जाते, हे प्राथमिक शिक्षकास सांगावयास नको.

कायद्याने या बाबतीत शिक्षकाच्या हाती पुरेसे साधन दिले आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम ५ प्रमाणे राज्यात वा राज्याबाहेर शाळा बदलण्याचा हक्क मुलास आहे. मुख्याध्यापकाने दाखला तत्काळ द्यावयाचा आहे, आणि विलंब केल्यास तो शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र होतो. त्याचबरोबर, दाखला येण्यास उशीर झाला या कारणावरून नव्या शाळेस प्रवेश लांबविता वा नाकारता येत नाही. कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणूनही प्रवेश नाकारता येत नाही. कलम ४ प्रमाणे मुलास वयानुरूप वर्गात बसवावयाचे असून मागे पडलेल्यास विशेष प्रशिक्षण द्यावयाचे आहे. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल असे पाहण्याचे कर्तव्य कलम ९ ने स्थानिक प्राधिकरणावर टाकले आहे.

मुलाच्या कानावर पडणारी भाषा

सुरत महानगरपालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजराती, हिंदी, मराठी, उर्दू, ओडिया, तेलुगू व इंग्रजी अशा सात माध्यमांच्या शाळा चालविते. म्हणजे मलकापूरचे मूल तेथेही मराठीतून शिकू शकते. ही गोष्ट निघण्यापूर्वीच बापाच्या कानी घालावी. संविधानाचा ३५० क हा अनुच्छेदही याच तत्त्वाचा आहे. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, असे तो सांगतो. राज्य पुनर्रचनेबरोबरच १९५६ साली सातव्या घटनादुरुस्तीने तो घालण्यात आला. ज्यांनी सीमा बदलल्या, त्यांनाच सीमेपलीकडे राहणाऱ्या मुलांची चिंता होती, हे येथे दिसून येते.

याचा अर्थ नव्या राज्याची भाषा शिकू नये असा नव्हे. गुजरातेत पहिली ते आठवीपर्यंत गुजराती हा विषय सक्तीचा करणारा कायदा २०२३ साली झाला. मराठी मुलास गुजराती अवघड नाही. तिच्या लिपीत अक्षरांच्या डोक्यावर रेघ नसते. ग, न, म, त ही अक्षरे ओळखीची वाटतात. अ, ख, ज, ल अशी काही मात्र नव्याने गिरवावी लागतात. मराठीप्रमाणेच गुजरातीतही तीन लिंगे आहेत आणि ‘ळ’ हा वर्णही आहे. गुजरातीत दोनाला ‘बे’ म्हणतात, आणि मराठी मूल पाढा म्हणताना ‘बे एके बे’ असेच म्हणत आलेले असते.

हिंदी मुलुखात जाणाऱ्या मुलाची अडचण निराळी. तेथे लिपी तीच असल्यामुळे मूल सर्व वाचते, पण शब्द फसवितात. मराठीत ‘शिक्षा’ म्हणजे दंड, हिंदीत शिक्षण. मराठीत ‘चेष्टा’ म्हणजे थट्टा, हिंदीत प्रयत्न. मराठीत ‘संसार’ म्हणजे घरप्रपंच, हिंदीत जग. नव्या शाळेत ‘शिक्षा’ हा शब्द ऐकून दचकणाऱ्या मुलास हसू नये. उलट हा फरक येथेच, आपल्या वर्गात, सांगून ठेवावा.

घरची भाषा टाकावी लागते अशी पालकांची समजूत असल्यास तंजावरचे उदाहरण द्यावे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांबरोबर व त्यांच्यामागून तेथे गेलेल्या घराण्यांचे वंशज तमिळ भाषेत वाढले, शिकले, व्यवहार करू लागले, तरी त्यांच्यापैकी अनेकांच्या घरात आजही मराठी बोलली जाते. बाहेरची भाषा शिकल्याने घरची भाषा जात नाही. घरात ती बोलणे थांबले, तरच ती जाते.

शिक्षकाने करावयाच्या गोष्टी

१. कुटुंब निघणार हे कळताच नुसते ‘बरे आहे’ म्हणून सोडू नये. कोणत्या गावी, कोणत्या वस्तीत, कोणाकडे जाणार हे विचारून लिहून ठेवावे व बापाचा दूरध्वनी क्रमांक घ्यावा.
२. कायम जाणाऱ्या मुलाचा दाखला त्याच दिवशी द्यावा. यू-डायस प्रणालीतील मुलाचा कायम शिक्षण क्रमांक त्यासोबत लिहून द्यावा.
३. हंगामापुरते जाणाऱ्या मुलास शिक्षण हमी पत्रक द्यावे. मूल गावीच आजी-आजोबांजवळ राहण्यासारखे असेल, तर हंगामी वसतिगृहाच्या सोयीची माहिती पालकास द्यावी.
४. मुलास काय वाचता येते, किती पाढे येतात, याची चार ओळींची हिंदी चिठ्ठी नव्या गुरुजींच्या नावे द्यावी.
५. महिन्याभराने दूरध्वनी करून मूल शाळेत बसले की नाही याची खात्री करावी. पटावरील नावाचा निर्णय त्यानंतरच पूर्ण झाला असे मानावे.

याच्या उलट प्रसंगही येतो. सातपुड्यापलीकडून कामासाठी आलेले कुटुंब गावाच्या कडेला उतरते. त्याचे मूल कोरकू, बारेली किंवा हिंदी बोलते. मध्यप्रदेशात शालेय वर्ष १ एप्रिलला सुरू होते, विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. म्हणून त्या मुलाचा वर्ग ठरविताना घोटाळा होतो. अशा वेळी आपल्या मुलास सुरतेत जी वागणूक मिळावी असे वाटते, तीच या मुलास द्यावी. कागदांची वाट न पाहता त्यास वर्गात बसवावे, पोषण आहार द्यावा, शेजारी एक मनमिळाऊ सोबती द्यावा आणि त्याच्या भाषेतील पाच-दहा शब्द सर्व वर्गाने शिकावेत.

स्वाध्याय

१. राज्याच्या नकाशात बुलढाणा जिल्ह्याचे तेरा तालुके दाखवा. राज्याच्या सीमेला लागून कोणते तालुके आहेत?
२. १९५५, १९५८ व १९६१ या तीन वर्षी मलकापूरहून सुरतेस जाणारे कुटुंब कोणत्या राज्यातून कोणत्या राज्यात गेले ते लिहा.
३. सिंदखेड राजा येथे जन्मलेल्या जिजाबाईंचे पुढील आयुष्य कोठे गेले? नकाशात पुणे व बंगळूर ही स्थळे शोधा.
४. आपल्या गल्लीतील कोणकोणती कुटुंबे परराज्यात गेली अथवा तेथून आली, हे घरी विचारा. त्यांच्या घरात कोणत्या भाषा बोलल्या जातात?
५. आपल्या वर्गातून गेलेल्या मित्रास किंवा मैत्रिणीस एक पत्र लिहा. त्यात त्याच्या नव्या शाळेविषयी तीन प्रश्न विचारा.

पाचव्या प्रश्नाची पत्रे शिक्षकाने खरोखर टपालात टाकावीत. ज्या मुलाचा पत्ता शाळेत सापडणार नाही, त्याचा शोध त्याच आठवड्यात सुरू करावा.